घरकुल पाहिजे? आधी पायाखालच्या जागेचा कागद बघा

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात एका पंचायत समितीच्या समोर माझं छोटं सेवा केंद्र आहे. टेबलाशी येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "घरकुलाचा फॉर्म द्या." माझं उत्तरही ठरलेलं. प्रधानमंत्री आवास योजनेचा (ग्रामीण) असा वाटेल तेव्हा आणून भरायचा फॉर्मच नसतो. नाव यादीत लागतं. यादीत नाव असलं तरी घर बांधायच्या जागेचा कागद नसेल तर मंजुरी तशीच पडून राहते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी यादीमुळे अडलेले कमी, जागेमुळे अडलेले जास्त.

आधी यादीचं. इंदिरा आवास योजना बंद होऊन ही योजना २०१६ मध्ये आली, तेव्हा नावं घेतली ती २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून. तिला गावात ‘ब’ यादी म्हणतात. त्यात राहून गेलेल्यांची नोंद २०१८ मध्ये ‘आवास प्लस’ म्हणून झाली, ती ‘ड’ यादी. "ड यादीत नाव आहे का?" हा प्रश्न चावडीवर अजून ऐकू येतो, तो याच यादीबद्दल. आता योजनेचा दुसरा टप्पा २०२४-२५ ते २०२८-२९ असा आहे आणि त्यासाठी मोबाइल ॲपवरून नवं सर्वेक्षण झालं. ग्रामपंचायतीचा माणूस घरी येऊन नोंद करत होता, किंवा कुटुंबाला स्वतःच्या फोनवर आधार आणि चेहऱ्याची ओळख देऊन ती करता येत होती. पुढे पडताळणी होते, यादी ग्रामसभेपुढे वाचली जाते आणि तिथेच नाव राहतं किंवा उडतं. ग्रामसभेला दांडी मारायची आणि मग वर्षभर माझ्या टेबलाशी भांडायचं, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. हरकत ग्रामसभेतच घ्या, लेखी द्या आणि पोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर जिल्हा पातळीवर अपील करता येतं.

आपल्या जिल्ह्यात एक अडचण वेगळी आहे. जत-आटपाडीकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. खानापूर-आटपाडीतले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यातले लोक, तर देशभर पांगलेले. सर्वेक्षणाच्या वेळी दाराला कुलूप दिसलं की नाव राहून जातं. निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत आपला चालू मोबाइल नंबर लिहून द्या आणि गावातल्या एका नातेवाइकाला सांगून ठेवा.

पात्रता म्हणजे कुटुंब बेघर असावं किंवा दोन खोल्यांपर्यंतच्या कच्च्या भिंतीच्या, कच्च्या छपराच्या घरात राहत असावं, आणि कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. घरात तीनचाकी किंवा चारचाकी वाहन असेल, ट्रॅक्टरसारखं यंत्र असेल, कुणी सरकारी नोकरीत असेल, कुणी महिन्याला १५,००० रुपयांपेक्षा जास्त कमावत असेल, आयकर किंवा व्यवसाय कर भरत असेल, नोंदणी केलेला बिगरशेती धंदा असेल, तर नाव बाद. मोटारसायकल आणि फ्रिजमुळे पूर्वी बाद व्हायचं, ती अट आता काढली आहे. तरी लोक अजून सर्वेक्षणाच्या दिवशी फ्रिजवर चादर टाकतात.

खरी मेख पुढच्या दोन अटींत आहे आणि ती सांगली जिल्ह्याला नेमकी लागते. अडीच एकर किंवा जास्त बागायत, नाहीतर पाच एकर किंवा जास्त जिरायत जमीन असेल तर कुटुंब अपात्र. कवठेमहांकाळ-जत भागात म्हैसाळचं, खानापूर-आटपाडीत टेंभूचं पाणी आलं. काल जिरायत होती ती तीन एकर आज पीकपाहणीत बागायत दिसते. पाणी आलं याचा आनंद आहेच, पण घर मातीचंच राहिलेलं असताना माणूस कागदावर बागायतदार होतो. दुसरी अट किसान क्रेडिट कार्डाची. त्याची मर्यादा ५०,००० रुपये किंवा जास्त असेल तर नाव उडतं. आपल्याकडे सोसायटीचं पीककर्ज याच कार्डावर असतं, आणि ऊस किंवा द्राक्षाचं कर्ज म्हटलं की पन्नास हजार ओलांडायला वेळ लागत नाही. "कर्ज काढलं म्हणजे श्रीमंत झालो का?" असं एका आण्णांनी मला विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही. कार्डावर उचल किती केली हे बघत नाहीत, मर्यादा किती आहे ते बघतात, एवढं लक्षात ठेवा. सोसायटीच्या सचिवाला विचारून तो आकडा आधीच माहीत करून घ्या.

आता जागा. गेल्या पावसाळ्यात एक मावशी उतारा घेऊन आल्या. मी म्हटलं, "मावशी, हा तलाठ्याचा आठ-अ. मला पंचायतीचा नमुना आठ पाहिजे." त्यांनी कागदावरच्या आठवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आठ तर आहे की यात." त्यांची काही चूक नाही. तलाठ्याचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) आठ-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. घराच्या जागेचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीचा नमुना आठ, ज्याला गावात असेसमेंट उतारा म्हणतात. तो ग्रामसेवकाकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मिळतो. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका निघते, ती यापेक्षा भक्कम.

नमुना आठवर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल तर आधी वारस नोंद करा. मृत्यू दाखला, वारसांची यादी आणि बाकीच्या भावा-बहिणींचं संमतीपत्र जोडून अर्ज द्यायचा, मग मासिक सभेत ठराव होऊन नोंद बदलते. याला एक महिनाही लागतो आणि भावकीत वाकडं असेल तर दोन वर्षंही. म्हणून घरकुल मंजूर व्हायची वाट न बघता हे काम आजच सुरू करा. एकत्र कुटुंबातल्या भावांनी शिधापत्रिका वेगळी करणंही याच कामांत धरा, कारण सर्वेक्षणात कुटुंब मोजलं जातं, भाऊ नव्हे.

जागाच नसेल तर? पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला मदत मिळते. ती पूर्वी ५०,००० रुपये होती, २०२४ पासून १,००,००० रुपयांपर्यंत केली आहे. जागेची किंमत त्याहून कमी असेल तर तेवढेच मिळतात. "पण एक गुंठासुद्धा खरेदी होत नाही, तुकडेबंदी आहे," असं लोक म्हणतात. तुकडेबंदी म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे करून विकायला असलेली बंदी. शेतजमिनीतून ग्रामीण घरकुलासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येते, अशी सोय मार्च २०२४ च्या नियमांत झाली आहे. ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, विकणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. सरकारी जागेवर राहणाऱ्यांसाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे, १ जानेवारी २०११ पूर्वीपासूनची राहती अतिक्रमणं नियमित करण्याचा. सगळ्याच जागा त्यात बसत नाहीत आणि गायरानाची प्रकरणं फार अडतात. जुनी घरपट्टीची पावती आणि जुनं वीजबिल शोधून ठेवा. तारीख सिद्ध करायला तेच कामी येतं.

शहरात राहणाऱ्यांची वाट वेगळी. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका किंवा आपापली नगरपालिका, नगरपंचायत यांच्याकडे प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० चा अर्ज ऑनलाइन करायचा. स्वतःच्या जागेवर बांधणार असाल तर वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत हवं आणि अनुदान २.५ लाख रुपये, त्यात केंद्राचे १.५ लाख. गेल्या २० वर्षांत कुठल्याही योजनेतून घर घेतलेलं नसावं. इथंही घोडं अडतं ते जागेवरच. सांगलीत बरीच वस्ती गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटांत, वाढलेली. गुंठेवारी नियमित केल्याचं प्रमाणपत्र नसेल तर बांधकाम परवाना नाही, आणि परवाना नाही तर अनुदान नाही. शिवाय निळ्या पूररेषेच्या आत नवं बांधकाम मंजूर होत नाही. कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट भागातल्या लोकांनी आधी नगररचना विभागात नकाशावर आपला प्लॉट बघावा, मग अर्जाला हात घालावा.

खरोखर अर्ज करून मिळणारी घरकुलं म्हणजे राज्याच्या योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागास वर्गासाठी मोदी आवास (ती २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी आखलेली). यांना जातीचा दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. रमाईसाठी महाराष्ट्रातला १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. प्रस्ताव ग्रामपंचायतीतूनच पंचायत समितीत जातो. आपलं नाव प्रधानमंत्री आवासच्या यादीत आहे का ते आधी बघा, दोन्हीकडून लाभ मिळत नाही.

यादीत नाव आलं, जागा आहे, मग फाइलला काय लावायचं? आधार कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँक पासबुकाची झेरॉक्स, नमुना आठ किंवा मिळकत पत्रिका, पक्कं घर नसल्याचं स्वयंघोषणापत्र. बस्स. घर नवरा-बायको दोघांच्या किंवा एकट्या बाईच्या नावावर मंजूर होतं, म्हणून बाईचे कागदही तेवढेच नीट हवेत. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर आधार आधी दुरुस्त करा. यादीत नाव घालून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

बँकेच्या बाबतीत एक गोष्ट घडली ती सांगतो. एका ताईंचा पहिला हप्ता पडल्याचं संगणकावर दिसत होतं आणि पासबुकात छदाम नव्हता. दोन महिने त्या एकाच बँकेत खेटे घालत होत्या. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, फाइलला लावलेल्या पासबुकाच्या खात्यात जातीलच असं नाही. त्यांचं आधार नंतर उघडलेल्या दुसऱ्या खात्याला जोडलं गेलं होतं, ते खातं त्या विसरूनही गेल्या होत्या. आपलं आधार आज कुठल्या खात्याला जोडलेलं आहे ते बँकेत जाऊन विचारा.

मंजुरी आली की गृहनिर्माण अभियंता येऊन जुन्या घराचा आणि नव्या जागेचा फोटो काढतो. फोनमधून त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. म्हणून उत्साहाच्या भरात जुनं घर आधीच पाडू नका, आणि फोटो एका जागेचा काढून घर दुसऱ्या जागेवर बांधू नका. पुढचे सगळे फोटो त्याच ठिकाणाशी ताडले जातात. घर किमान २६९ चौरस फुटांचं, स्वयंपाकाची जागा धरून. मंजुरीपासून १२ महिन्यांत पुरं करायचं.

पैसे सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ म्हणून धरलेल्या भागात १,३०,०००. सपाट भागातले हप्ते असे: मंजुरीला १५,०००, जोतं झाल्यावर ७०,०००, लिंटलला (दारा-खिडक्यांवरच्या तुळईपर्यंत काम आल्यावर) ३०,००० आणि घर पुरं झाल्यावर ५,०००. पंधरा हजारांत जोतं निघत नाही, हे उघड आहे. पाया खणायला स्वतः राबा आणि थोडी शिल्लक हाताशी असेल तेव्हाच कुदळ मारा, नाहीतर तिथंच काम थांबतं. दुसऱ्या टप्प्यात राज्याने ५०,००० रुपये जादा दिले आहेत. त्यातले ३५,००० बांधकामाला, १५,००० छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्याला. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते, पण ग्राम रोजगार सेवकाकडून मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, काम चालू असतानाच निघालं पाहिजे. घर बांधून झाल्यावर मस्टर मागणाऱ्यांना मी हात जोडतो. शौचालयाचे १२,००० स्वच्छ भारतमधून. आणि ५ ब्रास वाळू मोफत, तिचा पास तहसीलमधून, ट्रॅक्टरचं भाडं आपलं.

शेवटचा फोटो गेला, पाच हजार पडले, की फाइल पंचायत समितीत बंद होते. तुमचं एक काम तेव्हाही उरलेलं असतं. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना आठवर जुन्या मातीच्या घराच्या जागी नव्या पक्क्या घराची नोंद करून घ्या, आणि मालकाच्या रकान्यात घरातल्या बाईचं नाव चढलंय का ते तिथंच उभं राहून वाचून बघा.