एकवीस दिवसांचा आकडा आणि उंदराची धाव

'२१ दिवसांत लिखाणाची सवय लावा' अशा जाहिराती पीएचडी करणाऱ्यांपर्यंत सतत पोचत असतात. बाविसाव्या दिवशीही फाईल उघडणं जिवावर आलं, की विद्यार्थी स्वतःलाच आळशी ठरवून मोकळा होतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण हा आकडा मुळात लिखाणाचा नाहीच. अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळलं, चेहराही गळला आणि आकडा तेवढा उरला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या २००९ सालच्या अभ्यासात ९६ जणांनी रोज एक साधी गोष्ट करून पाहिली, उदाहरणार्थ जेवणाबरोबर फळ खाणं. ती अंगवळणी पडण्याचा मध्यक निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, तर कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

पण फळ खाणं आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिणं एकच कसं असेल? इथे मला एमआयटीच्या अ‍ॅन ग्रेबिएल यांचे उंदीर आठवतात. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा बोळ. फाटक उघडलं की उंदीर पळणार, कानावर पडलेल्या सुरानुसार डावीकडे किंवा उजवीकडे वळणार. बरोबर वळला तर चॉकलेट. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाची केंद्रं असतात. त्यातल्या स्ट्रायटम या भागात अतिबारीक इलेक्ट्रोड बसवलेले होते. उंदीर नवखा असताना तिथल्या चेतापेशी धावेच्या पूर्ण वाटेवर संदेश सोडत होत्या. वाट पाठ झाली, तसे हे संदेश धावेच्या सुरुवातीला आणि शेवटाला गोळा झाले आणि मधला भाग शांत झाला. जणू मेंदूने त्या धावेला दोन्ही बाजूंनी कंस घातला! २००५ साली दिसलं, की बक्षीस थांबवल्यावर हा आकृतिबंध विस्कटतो, पण बक्षीस पुन्हा सुरू होताच झटकन परत येतो.

उंदरावरून प्रबंधावर मारलेली ही उडी मोठी आहे, हे मान्य. तरी मला वाटतं ते असं: उंदराची मधली वाट रोज तीच होती, लिहिणाऱ्याची कधीच तीच नसते. तिथे प्रत्येक वाक्याला विचार करावाच लागणार, त्याची सवय कशी होणार? कंस मात्र ठरावीक ठेवता येतात. मी रोज त्याच टेबलाशी, त्याच वेळेला बसून आधी कालचा शेवटचा परिच्छेद वाचतो. उठताना एक वाक्य मुद्दाम अर्धं सोडतो. काल सोडलं ते असं होतं: 'तापमान वाढलं की तांब्याच्या तारेचा रोध वाढतो, कारण'. आज सकाळी बसलो तेव्हा पुढचे शब्द आधीच तयार होते.