बीपी नसताना बीपीची गोळी कशाला?

घोडबंदर रोडच्या धुळीत राहणाऱ्यांना सायनस समजावून सांगावा लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी घ्यायला भूलतज्ज्ञांनी मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी लिहून दिली. काका हादरलेच, "अहो, मला बीपी कुठंय? दुसऱ्याचा कागद आला की काय!"

कागद त्यांचाच होता. ही दुर्बीण जेमतेम 4 मिलीमीटर जाड असते. भिंगावर रक्ताचा एक थेंब आला की समोर सगळं लाल. शेजारी डोळ्याची खोबण, मधलं हाड अर्ध्या मिलीमीटरहूनही पातळ, आणि वर मेंदू. तिथं अंदाजानं हत्यार चालवून भागत नाही.

मग रक्तदाब उतरवा, रक्त कमी येईल, झालं! पण तो कसा उतरवता, यातच खरी मेख आहे. सरासरी रक्तदाब म्हणजे हृदयानं मिनिटाला ढकललेलं रक्त गुणिले रक्तवाहिन्यांचा विरोध. नायट्रोप्रुसाइड हे औषध वाहिन्या सैल करून विरोध घटवतं. दाब उतरतो; पण मानेतल्या धमनीतले दाबमापक लगेच मेंदूला कळवतात आणि हृदय धावू लागतं. वाहिन्या रुंद, प्रवाह जोरात, म्हणजे नाकाच्या अस्तरातून झिरपणं चालूच. काकांच्या मेटोप्रोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर उलट्या टोकाला हात घालतो. ठोके मंदावतात, ढकललं जाणारं रक्तच कमी होतं आणि अस्तरातल्या बारीक वाहिन्या आकसलेल्याच राहतात. 1995 साली बोझार्ट आणि सहकाऱ्यांनी एस्मोलॉल हा बीटा-ब्लॉकर आणि नायट्रोप्रुसाइड यांना आमनेसामने उभं केलं, तेव्हा शस्त्रक्रियेची जागा एस्मोलॉलनंच जास्त स्वच्छ राहिली. म्हणजे मॉनिटरवरचा दाबाचा आकडा सगळं सांगत नाही.

(पौर्णिमेला रक्त जास्त जातं म्हणून काकूंना तारीख पुढं ढकलायची होती. भरती ठाण्याच्या खाडीला येते हो, नाकाला नाही!)

क्लोनिडिन हेही बीपीचंच औषध याच कामी येतं. गंमत म्हणजे 1960च्या दशकात ते शोधलं जात होतं चोंदलेलं नाक मोकळं करायला. दाब उतरतो हे नंतर लक्षात आलं.

मात्र बीटा-ब्लॉकरची गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या 'पॉइज' चाचणीत हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रियांच्या 8351 रुग्णांवर मेटोप्रोलॉल तपासलं गेलं. हार्ट अटॅक घटले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिकाही बीटा-ब्लॉकरनं आवळू शकते. आणि जे रोज बीटा-ब्लॉकर घेतातच, त्यांनी 'उपाशी राहायला सांगितलंय' म्हणून ऑपरेशनच्या सकाळी ती परस्पर चुकवू नये. अचानक बंद केली तर ठोके आणि दाब दोन्ही उसळतात. भूलतज्ज्ञांना विचारा, बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात.