कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीतला 'पाव'

वायूची घनता तीच ठेवून जागा दुप्पट केली, की त्याची एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळमानाने अव्यवस्थेचं माप, दुप्पट होते. कृष्णविवर मात्र हा हिशेब पाळत नाही. त्याची एन्ट्रॉपी आकारमानावर नव्हे, क्षितिजाच्या, म्हणजे जिथून आत गेलेलं काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळावर ठरते. भौतिकशास्त्रात याहून विलक्षण गोष्ट मला तरी माहीत नाही.

गरम वायू कृष्णविवरात पडला तर त्याची एन्ट्रॉपी जाते कुठे? ती नाहीशीच होत असेल, तर एकूण एन्ट्रॉपी कधीच घटत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडीत निघतो. १९७२ मध्ये प्रिन्स्टनचा विद्यार्थी जेकब बेकनस्टाइन म्हणाला, क्षितिजाचं क्षेत्रफळ वाढतं तिथेच तिची नोंद होते. स्टीफन हॉकिंग यांना हे पटेना. एन्ट्रॉपी आहे म्हटलं की तापमान आलं, आणि तापमान आलं की प्रारणही आलंच. कृष्णविवरातून तर काहीच सुटत नाही! पण १९७४ मध्ये त्यांच्याच गणितातून प्रारण निघालं आणि सूत्र पक्कं झालं: क्षेत्रफळाला प्लांक लांबीच्या (पुंज गुरुत्वातल्या अतिसूक्ष्म मूलभूत लांबीच्या) वर्गाने भागायचं आणि आलेल्या उत्तराचा पाव हिस्सा घ्यायचा. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर, पण एन्ट्रॉपी सुमारे १ वर ७७ शून्यं. खुद्द सूर्याची १ वर ५८ शून्यांच्या आसपास.

एन्ट्रॉपी म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या सूक्ष्मस्थितींची मोजदाद. मग इथे मोजायचं काय? आइनस्टाइनच्या सिद्धांतात कृष्णविवराला वस्तुमान, विद्युतभार आणि परिवलन यांपलीकडे काहीच नाही. म्हणून तो 'पाव' पुंज गुरुत्वाच्या, म्हणजे गुरुत्व आणि पुंजभौतिकी यांना जोडू पाहणाऱ्या, प्रत्येक सिद्धांताची परीक्षा ठरला: सूक्ष्मस्थिती मोजल्या की पाव यायलाच हवा.

१९९६ मध्ये अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरन वाफा यांनी स्ट्रिंग सिद्धांतातल्या (मूलकण म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा, असं मानणाऱ्या) एका खास, पाच मितींच्या कृष्णविवराच्या स्थिती मोजल्या. पाव हिस्सा नेमका आला, कुठलीही संख्या हाताने न बसवता. अभय अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी लूप क्वांटम ग्रॅव्हिटीत, म्हणजे अवकाशच सूक्ष्म तुकड्यांचं बनलंय असं मानणाऱ्या दुसऱ्या सिद्धांतात, क्षितिजावरच्या क्षेत्रफळाच्या पुंजांची मोजणी केली. एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात आली, पण पाव हिस्सा मिळायला इमिर्झी नावाच्या मुक्त संख्येची किंमत ठरवून घ्यावी लागली. तरीही या मार्गाने रोजच्या विश्वातली, चार मितींची कृष्णविवरं हाताळता येतात, हे त्याचं बळ मला मोठं वाटतं.

खरी चुरस सूत्राच्या पुढच्या पदात आहे. क्षेत्रफळाच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणातली एक छोटी दुरुस्ती पावाच्या पाठोपाठ येते. अशोक सेन यांनी २०१२ मध्ये साध्या, न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी ती काढली, तीही स्ट्रिंग न वापरता, फक्त गुरुत्वाच्या आणि इतर वस्तुमानरहित क्षेत्रांच्या पुंजगणितातून. लूपवाल्यांच्या उत्तराशी ती जुळली नाही. आणि याच साध्या कृष्णविवराच्या सूक्ष्मस्थिती एकेक करून नेमक्या मोजणं स्ट्रिंगवाल्यांनाही अजून साधलेलं नाही.