वचन-मनन (ख्रिस्ती): कोल्हापूर परिसरातली प्रथा

बायबलमधला एखादा लहान उतारा रोज वाचायचा, त्यावर थांबून विचार करायचा आणि आज घरात, शेतात, कामावर, बाजारात त्याप्रमाणे नेमकं काय करायचं ते ठरवायचं, ही ख्रिस्ती भक्तीची एक पद्धत. मराठी ख्रिस्ती घरांत तिला मनन, वचन-मनन किंवा नुसतंच 'वचन घेणं' म्हणतात. ते लिहिलेलं असतं, बोललेलं असतं, आणि बऱ्याचदा फक्त मनातल्या मनात असतं. रविवारी पाळकसाहेब चर्चमध्ये उपदेश करतात तो वेगळा, त्याला तयारी लागते, अधिकार लागतो. मनन मात्र घरातली आजी, आयटीआयला जाणारा पोरगा, शाळेतल्या बाई कुणीही करू शकतात. स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला पाण्याकाठच्या झाडाची उपमा दिलीय आणि यहोशवाच्या १:८ मध्ये मननाला लागूनच 'त्याप्रमाणे वागणं' येतं, त्यामुळे विचार आणि आचरण ही जोडी मुळातच शास्त्रात आहे, नंतर कुणी चिकटवलेली नाही.

प्रथा कुठून आली यावर एकमत नाही. एक धागा मठांकडे जातो: सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठ-नियमात रोजच्या वाचनाचे तास ठरवून दिलेत, आणि बाराव्या शतकात ग्विगो दुसरा या कार्थुशियन मठपंथातल्या साधूने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या मांडल्या. दुसरा धागा जर्मनीतल्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचा. हेर्नहूट गावात काउंट झिन्झेन्डॉर्फने ३ मे १७२८ ला मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं, मग ते घरोघर पोचवलं जाऊ लागलं आणि १७३१ पासून वर्षभराची वचनं छापून मिळायला लागली. जुन्या करारातलं वचन आजही तिथे चिठ्ठ्या काढून ठरतं, आणि त्याला जोडून नव्या करारातलं वचन निवडतात. 'आजचं वचन' हा जो प्रकार आपल्याकडे कॅलेंडरवर आणि मोबाईलवर दिसतो त्याचा सगळ्यात जवळचा पूर्वज हाच म्हणावा लागेल. तिसरा धागा १८८० च्या दशकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा, पहाटे अभ्यासाआधी थोडा वेळ बायबल आणि प्रार्थनेला द्यायचा असा निश्चय केंब्रिजच्या काही पोरांनी १८८२ च्या सुमारास केला असं सांगतात. याच काळातल्या विद्यार्थी-मिशन चळवळीतला एक मोठा माणूस रॉबर्ट वायल्डर, आणि तो १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला, पण या योगायोगावर फार भार टाकू नये, त्याचं काम कॉलेजातल्या पोरांत होतं, कोल्हापूरच्या घरांत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण तिच्याशिवाय आजचं मनन समजत नाही. बायबलला अध्याय आणि वचनांचे क्रमांक मुळात नव्हते. आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पडले, ते स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूने पाडले असं बहुतेक अभ्यासक मानतात. नव्या कराराची वचनं आज आहेत तशी क्रमांक घालून पॅरिसचा मुद्रक रोबेर एस्तियेन याने १५५१ मध्ये छापली. त्याआधी एकेक ओळ सुटी करून 'हे माझ्यासाठी' असं म्हणायची सोय फारशी नव्हती, वाचणारा बहुतेक सलग वाचायचा. क्रमांक आले आणि वचन पाठ करणं, खूण करणं, भिंतीवर लावणं सोपं झालं. पण मागचं-पुढचं न बघता मधलंच उचलायची सवयही त्याच क्रमांकांनी लावली.

मराठीत शास्त्र सामान्य माणसाच्या भाषेत सांगायचा पहिला मोठा प्रयत्न गोव्याचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ओवीबद्ध, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. त्याच्या सुरुवातीच्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज शिल्लक नाही, जे हाती आहे ते हस्तलिखितांवरून आणि १९०७ च्या मंगळुरी आवृत्तीवरून. मराठी बायबलचं काम बंगालमधल्या सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या मदतीने सुरू केलं, मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये आला, पण ती भाषा नागपूरकडची आहे, देशावर नीट पोचत नाही अशी तक्रार होती असं दिसतं. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये दुसरा नवा करार छापला आणि पूर्ण बायबल १८४७ च्या सुमारास आलं. रोजच्या मननाच्या दृष्टीने मात्र आम्हाला पंडिता रमाबाईंचं भाषांतर सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत पूर्ण बायबल केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि छपाई १९२४ मध्ये पुरी झाली. चर्चमध्ये ते फारसं रुळलं नाही, तिथे 'पवित्र शास्त्र' हीच बायबल सोसायटीची आवृत्ती चालते, तरी स्वयंपाकघरात बसून वाचणारी बाई डोळ्यापुढे ठेवून कुणी बायबल केलं असेल तर ते रमाबाईंनी.

कोल्हापुरात ही प्रथा नक्की कधी आली हे मिशनची सुरुवात कुठून मोजता त्यावर अवलंबून आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर (वर आलेल्या रॉबर्टचे वडील) १८५२ मध्ये अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) इथे आले, मग त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाशी मतभेद झाले, शाळा किती चालवायच्या हा त्यातला मोठा मुद्दा, आणि १८६० च्या दशकात त्यांनी हे काम जवळजवळ एकट्याच्या जोरावर चालवलं. १८७० च्या सुमारास ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. काही लिखाणात १८५२ धरतात, काहींत १८७०. संस्था म्हणून १८७० ठीक आहे पण वाचनाची सवय म्हणून बघायचं तर १८५२ जास्त पटतं, कारण वायल्डरांचा भर शाळांवर होता आणि त्या शाळांत बायबलचा तास असायचा, वचन पाठ करणारी पहिली पोरं तिथलीच असावीत. पुढे पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज अशी ठाणी वाढली. शहरात न्यू शाहूपुरीतलं वायल्डर मेमोरियल चर्च हे नाव आजही त्या काळाशी जोडलेलं आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वेगवेगळ्या समाजांसाठी जी वसतिगृहं निघाली त्यात १९१५ चं इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. कोडोलीसारख्या गावांतल्या जुन्या मंडळ्यांत मनन कसं चालायचं याच्या नोंदी थोड्या, आणि आहेत त्या बहुतेक मिशनऱ्यांच्या अहवालांतल्या, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याच्या.

आता वादाचा मुद्दा. मराठी मननाचं रूप मिशनऱ्यांच्या छापील पत्रकांतून आलं की इथल्या कीर्तन-निरूपणातून? पत्रकवाले म्हणतात की वचन, समजूत, लागूकरण (म्हणजे वचन रोजच्या जगण्याला लावणं), प्रार्थना ही चौकट सरळ इंग्रजी भक्तिपुस्तिकांची आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला अभंग घेऊन निरूपण आणि उत्तररंगाला आख्यान ही पद्धत आधीपासून होती, अहमदनगरकडे १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि नंतर नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजन थेट उपासनेत आणलं, तेव्हा लोकांच्या कानाला वळण तिथलं होतं. आम्हाला दुसरं मत जास्त पटतं. कारण कोल्हापुरातल्या गृहसभेत बोलणारी व्यक्ती वचन वाचून झालं की मुद्दे पाडत नाही, गोष्ट सांगते. शेजारणीची, नवऱ्याच्या कारखान्यातली, आपल्या आजारपणाची. मग पुन्हा त्याच वचनावर येते, आणि मधेच कुणीतरी गीत उचलतं. छापील पत्रकात असं मधेच गाणं येत नाही, हे कीर्तनाचंच अंग आहे. अर्थात छापील वचनपत्रिका नसत्या तर रोजचा नेम टिकला नसता, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

गृहसभा जवळून बघितली की हे लक्षात येतं. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी एका घरी लोक जमतात, दारात चपलांचा ढीग, आत सतरंजी, एकमेकांना 'सलाम' म्हणून बसतात. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं गीत होतं, ढोलकी असली तर बरं नाहीतर टाळ्यांवर. यजमानाकडची मुलगी शास्त्रपाठ वाचते, अडखळली तर तिची मावशी हळूच शब्द सांगते. वापरून वापरून बायबलच्या कडा काळ्या झालेल्या, समासात बॉलपेननं तारखा: या वचनावर अमुक दिवशी मनन केलं, त्याखाली कधी 'पप्पांचं ऑपरेशन' तर कधी 'दहावी निकाल' एवढंच. घराच्या इतिहासाचा कागद म्हणून या समासांचं मोल फार मोठं आहे आणि अशी बायबलं रद्दीत जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. मनन झालं की प्रार्थना, ती एकेकाचं नाव घेऊन, आणि मग चहा-पोहे. महिला मंडळाच्या सभा दुपारी असतात आणि तिथलं मनन बहुतेक वेळा जास्त धीट असतं, सासू-सून, दारू, कर्ज हे विषय तिथे उघड निघतात.

लागूकरण हा मननाचा गाभा, आणि इथेच चांगलं-वाईट मनन वेगळं होतं. याकोबाच्या पत्रात (१:२२) वचन नुसतं ऐकू नका, तसं करा, नाहीतर स्वतःलाच फसवता असा इशारा आहे. कोल्हापूर भागात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. नीतिसूत्रे ११:१ म्हणतं खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो. ऊस आणि गुळाच्या मुलखात काटामारी म्हणजे काय हे कुणाला समजवायला नको, त्यामुळे या वचनावरचं मनन पहिल्या वाक्यातच माणसाला भिडतं. याकोब ५:४ तर अजून थेट आहे: शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी पोचतो. हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) डोक्यावर घेऊन, पालात राहतात, लहान पोरं फडातच असतात. ज्या घराचा ऊस तुटतोय त्या घरात हे वचन वाचून पुढे निघून जाणं म्हणजे न वाचल्यासारखंच. पण याच अध्यायातलं आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्याचं वचन (५:१४) जितकं घेतलं जातं तितकं ५:४ घेतलं जात नाही, ही उणीव आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी.

उलट बाजूला काही वचनं इतकी वापरली जातात की त्यांचा मूळ संदर्भ पुसला गेलाय. 'जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो' हे फिलिप्पैकरांस ४:१३ परीक्षेच्या आणि मॅचच्या आधी हमखास निघतं, पण आधीच्या ओळीत पौल उपाशी राहणं आणि पोटभर खाणं दोन्हीत समाधानी राहायला शिकलो असं सांगतोय, आणि तेही कैदेतून, म्हणजे हे जिंकण्यापेक्षा सोसण्याचं वचन आहे. यिर्मया २९:११ चं तसंच. 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' हे लग्नपत्रिकेत आणि वाढदिवसाच्या केकवर दिसतं, पण ते बाबेलमध्ये हद्दपार झालेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय. त्याच पत्रात घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा असंही आहे (२९:५-७), ते कुणी केकवर लिहीत नाही. म्हणून जाणती मंडळी वचन घेताना निदान आख्खा परिच्छेद वाचायला सांगतात, आणि हा नियम साधा असला तरी फार उपयोगाचा आहे.

पुराच्या काळात मननाची खरी कसोटी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शाहूपुरी-नागाळा पार्कच्या बाजूला घरांत पाणी शिरलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ. अशा वेळी यशया ४३:२ सगळीकडे फिरतं: तू नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत. ज्याचा संसार भिजला त्याला हे वचन नीट न सांगता पाठवलं तर ते टोचतं, कारण त्यात पाणी येणार नाही असं म्हटलेलंच नाही, पाण्यातून जाताना 'मी तुझ्याबरोबर असेन' एवढंच आहे, आणि ते बंदिवासातून परतणाऱ्या लोकांना सांगितलेलं. याकोब २:१५-१६ त्याच्या जोडीला वाचावं: उघड्या-उपाशी भावाला 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, याचा काय उपयोग? चादरी, कोरडा शिधा, घरातला गाळ काढायला जाणारे हात, हे त्या दिवसाचं लागूकरण.

कॅथलिक मंडळींत उतारा स्वतः निवडायचा नसतो, मिस्साची (कॅथलिक उपासनेची) वाचनं ठरलेली असतात, रविवारची तीन वर्षांच्या चक्राने, आणि मनन त्यावर होतं. कोल्हापूरचे कॅथलिक सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतात, २००५ पर्यंत ते पुणे धर्मप्रांतात होते. मिशन हॉस्पिटलांमध्ये सकाळी ओपीडीच्या आधी छोटी भक्ती घ्यायची जुनी रीत आहे, मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या मिरजेच्या कामापासून ती या भागाच्या ओळखीची. तिथे मनन पाच-सात मिनिटांचं असतं, नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर पाळीपाळीने घेतात आणि उतारा बहुतेक शुभवर्तमानांतला, कारण पुढे लगेच पेशंट बघायचे असतात. अलीकडे गृहसभेला येऊ न शकणारे, म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला असलेले किंवा पुण्या-मुंबईला गेलेले, यांच्यासाठी व्हॉट्सअॅपवर आवाजातलं मनन पाठवलं जातं, त्यात गीत नसतं पण बोलायची ढब गृहसभेचीच असते.