पक्षाघातानंतरचे मन : एका दुर्लक्षित दुखण्याचा मागोवा

‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो लुळा पडलेला हात, ओढत टाकलेला पाय आणि वाकडे झालेले तोंड. मनाचे काय झाले, हे त्या शब्दांत कुठेच नाही. चरकसंहितेतील सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात मात्र वाताच्या ऐंशी विकारांची यादी आहे आणि तिच्यात पक्षवध म्हणजे पक्षाघात याच्यानंतर थोड्याच अंतरावर विषाद, अस्वप्न म्हणजे निद्रानाश आणि चित्ताची अस्थिरता यांची नावे येतात. एकामुळे दुसरे होते, असे तेथे म्हटलेले नाही; पण शरीर आणि मन यांची दुखणी एकाच पंगतीत बसवलेली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

युरोपात 1658 साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनातून झटक्याचे मूळ मेंदूतील रक्तस्रावात दाखवले. पुढची दोन शतके लक्ष राहिले ते मेंदूवर आणि लुळ्या अवयवांवर. रुग्णाच्या रडण्याची ठळक नोंद चार्ल्स डार्विन यांनी 1872 साली केली : अर्धांगवायूसारख्या मेंदूच्या आजारात माणसाला रडू फार लवकर फुटते, असे त्यांनी लिहिले. मेंदूविकारतज्ज्ञ किनिअर विल्सन यांनी 1924 मध्ये अशा आवरता न येणाऱ्या रडण्या-हसण्याचे सविस्तर विवेचन केले. शेजारी ‘कसे आहात?’ एवढेच विचारतो आणि रुग्णाच्या डोळ्यांना धार लागते. त्या वेळी मनात तेवढे दुःख असेलच असे नाही. घरच्यांना हे ठाऊक नसेल तर ते भेटायला येणाऱ्यांना टाळू लागतात आणि रुग्ण आणखी एकटा पडतो.

खरी खिन्नता ही याहून वेगळी गोष्ट, आणि तिला वैद्यकात स्थान मिळायला आणखी बराच काळ गेला. हात गेला, नोकरी गेली, मग माणूस खचणारच, या समजुतीत सहानुभूती होती. परंतु साहजिक ठरलेल्या दुःखावर उपचार करण्याचे कोणाला सुचत नव्हते, हे तिच्यामुळे होणारे मोठे नुकसान होते. या समजुतीची परीक्षा 1977 साली अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ मार्शल फोलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. त्यांनी पक्षाघाताचे 20 रुग्ण आणि हाडांच्या दुखण्यामुळे जवळपास तेवढेच परावलंबी झालेले 10 रुग्ण यांची तुलना केली. अपंगत्व सारखे, तर खिन्नताही सारखी असायला हवी होती. प्रत्यक्षात ती पहिल्या गटात 45 टक्के आणि दुसऱ्यात 10 टक्के आढळली. संख्या लहान होती, तरी प्रश्न कायमचा बदलला.

पुढे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी डाव्या मेंदूच्या पुढच्या भागातील इजेशी या खिन्नतेचा संबंध जोडला. त्यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, तेव्हा त्या संबंधाला आधार मिळाला नाही. सुमारे तिघांपैकी एकाला हा त्रास होतो, हे मात्र पुढील आढाव्यांतूनही टिकून राहिले. औषधांबाबतही आशा अशीच वरखाली झाली. ब्रिटनमधील ‘फोकस’ चाचणीत 3127 रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने फ्लुओक्सेटिन हे खिन्नतेवरचे औषध दिले गेले; खिन्नता कमी जणांना झाली, पण हालचालींत सुधारणा दिसली नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाचा प्रयोग साधा आहे. ब्रिटनमधील संशोधक कॅरोलाइन वॉटकिन्स यांच्या गटाने 2007 मध्ये 411 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्या रुग्णांशी, झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, जास्तीत जास्त चार वेळा बोलणे झाले. ‘धीर धरा, मन घट्ट करा’ असा उपदेश त्यात नव्हता. पुढे काय करायचे आहे, आड काय येते आणि त्यावर तुम्हालाच कोणती वाट दिसते, हे रुग्णाने सांगायचे आणि समोरच्याने ऐकायचे. तीन महिन्यांनंतर या गटातील अधिक लोकांची मनःस्थिती ठीक होती.

ज्यांची वाचाच गेली, त्यांना बहुतेक अभ्यासांतून वगळले जात असे. त्यांच्यासाठी 1998 मध्ये इंग्लंडमध्ये वेगळी प्रश्नावली तयार झाली, आणि ती रुग्णाला नव्हे, त्याची देखभाल करणाऱ्याला विचारली जाते : रात्री झोप लागते का, मध्येच रडू कोसळते का, तुम्ही बोलत असताना ते नजर चुकवतात का.