कपाशी आणि शीपाक: अक्षरं तीच, मग एक ध्यानात राहतं अन् दुसरं काहून नाही?

लातूरला नीटचा क्लास करणारा भाचा दिवाळीला आलता, म्हणे मामा माझी मेमरीच वीक हाय. म्हणलं बस इथं. शेंगा फोडत फोडत त्याला सेकंदाला एक असे पाच शब्द सांगितले, कपाशी, घागर, मोसंबी, वासरू, बाजरी. पठ्ठ्यानं धडाधड म्हणून दाखवले. मग तेच शब्द उलटे केले: शीपाक, रगघा, बीसंमो, रूसवा, रीजबा. आला फक्त शीपाक अन् रूसवा. शीपाक पहिलाच होता म्हणून आला असंल, पण रूसवा? नंतर ट्यूब पेटली, वासरू उलटं केलं की 'रुसवा' होतो, अन् त्याला तर अर्थ हाय की!

अर्थ असा चोरून घुसतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 साली छापलेल्या प्रयोगांसाठी 2300 च्या आसपास निरर्थक अक्षरगट बनवले ते याच भानगडीपायी, अर्थाची मदत नको म्हणून.

आता लोकांची गल्लत इथं होते, त्यांना वाटतं मेमरीत जागा अक्षरांना लागते. तसं नाही. पीटरसन या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं 1959 ला लोकांना तीन व्यंजनं सांगून लगेच एका आकड्यापासून तीन-तीननं उलटं मोजायला लावलं तर 18 सेकंदांत जवळपास सगळं पुसलं. 1961 ला मर्डॉक या संशोधकानं तसंच करून तीन अक्षरांचा एकच शब्द दिला तर तो बऱ्यापैकी टिकला, पण तीन शब्द दिले की गत पुन्हा तीन व्यंजनांसारखीच. म्हणजे मोजायच्या त्या मोळ्या, काड्या नाही. शब्द ही आधीच बांधलेली मोळी, रगघाची मात्र प्रत्येक काडी वेगळी धरावी लागते.

अन् दुसरं म्हणजे डागडुजी. मनातल्या मनात घोकताना दोन्ही सारखेच झिजतात, पण 'मोसं..' एवढंच उरलं तरी जुन्या आठवणीतून बी आपोआप येऊन चिकटते, 'बीसं..' पुढं काय चिकटणार? संशोधक ह्यूम आणि मंडळींनी 1991 ला इंग्रजी बोलणाऱ्यांना इटालियन शब्द दिले, आधी कमी लक्षात राहिले, त्यांचे अर्थ शिकवल्यावर तेच शब्द जास्त राहायला लागले. मेमरी तीच होती ना राव, शब्द ओळखीचे झाले.

तिकडं आमच्या घरात आता बाजरीच्या भाकरीला सगळे रीजबाची भाकर म्हणतेत, त्यामुळं ती लिस्ट माझ्या कामातून गेली.