ईमेल नियम : नको असलेल्या मेलची चाळणी

आलेला मेल एखाद्या अटीवर तपासून त्याचे पुढे काय करायचे हे ठरवणारी, वापरकर्त्याने स्वतः घालून दिलेली सूचना म्हणजे ईमेल नियम. आउटलुकमध्ये तिला ‘रूल’ म्हणतात, जीमेल व थंडरबर्ड (संगणकावर चालणारा मेलचा प्रोग्राम) यांत ‘फिल्टर’. प्रत्येक नियमात एक अट असते (अमुक पत्त्यावरून आला असेल तर) आणि एक कृती (तमुक फोल्डरमध्ये हलवा). अपवादाची सोय असेल तर ती आवर्जून वापरावी, कारण चाळणीतून कचरा निसटला तर फार बिघडत नाही. कामाचा मेल अडकला तर मात्र बिघडते.

नको असलेल्या मेलची तक्रार ईमेलइतकीच जुनी आहे. नोव्हेंबर 1975 मध्येच संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी अर्पानेटवरील (इंटरनेटच्या पूर्वसूरी जाळ्यावरील) एका टिपणात लिहिले होते की, नको असलेला संदेश निवडून नाकारण्याची सोय संगणकाकडे नाही. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी सुमारे 400 जणांना नव्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवली. तो पहिला स्पॅम, म्हणजे न मागता घाऊक पाठवलेला मेल, मानला जातो. 1982 साली मेल पोचवण्याचे जे प्रमाण (स्टँडर्ड) ठरले, त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची तरतूदच नव्हती. पाकिटावर कुणीही कुणाचेही नाव लिहावे, तसे. पुढे पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पडताळण्या आल्या, तरी मूळचा हा मोकळेपणा पूर्णपणे बुजलेला नाही.

नियम लिहिण्याचे प्रोकमेल हे युनिक्स या संगणक-प्रणालीवरील साधन 1990 मध्ये आले. 2001 मध्ये ‘सिव्ह’ (म्हणजेच चाळणी) या नियम लिहिण्याच्या छोट्या भाषेचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि 2008 मध्ये ते सुधारले गेले. या भाषेचा एक गुण मुद्दाम सांगण्याजोगा आहे : कोणताच नियम लागू झाला नाही, किंवा नियम चालवताना चूक झाली, तर मेल इनबॉक्समध्ये ठेवायचा. शंका आली की राखायचे, टाकायचे नाही. स्वतःचे नियम करतानाही हेच धोरण बरे.

खऱ्या स्पॅमशी एकेका पत्त्याच्या नियमाने लढण्यात अर्थ नाही. ते पत्ते रोज बदलतात. ते काम सर्व्हरवरच्या गाळण्या करतात. 2001 पासूनची स्पॅमअसॅसिन ही गाळणी मेलला अनेक कसोट्यांवर गुण देते आणि मूळ मांडणीत 5 गुण झाले की तो स्पॅम ठरवते. 2002 मध्ये प्रोग्रामर पॉल ग्रॅहम यांच्या लेखानंतर शब्दांच्या संभाव्यतेवर चालणारी, बेझ या गणितज्ञाच्या नावाची पद्धत सर्वत्र पसरली. वापरकर्त्याच्या नियमांचे खरे क्षेत्र वेगळे आहे : धड स्पॅम नाही, धड कामाचेही नाही असे मेल. कधीतरी आपणच होकार दिलेली वार्तापत्रे, दुकानांच्या सवलती, समाजमाध्यमांच्या सूचना. यांचे पत्ते सहसा टिकून राहतात, म्हणून नियम त्यांना नेमका लागतो. मेलच्या हेडरमधील (मजकुराआधीच्या तांत्रिक नोंदींमधील) ‘लिस्ट-आयडी’ ही ओळ तर पत्त्यापेक्षाही भरवशाची. पाठवणारे बदलले तरी यादीची ओळख तीच राहते.

शब्दांवर बेतलेले नियम फसवे असतात. सिआलिस या औषधाचे इंग्रजी स्पेलिंग ‘स्पेशालिस्ट’ या शब्दाच्या पोटात जसेच्या तसे सापडते. ते नाव अडवणारा नियम डॉक्टरांचा मेलही अडवू शकतो. ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द असलेले सगळे मेल बाजूला काढणारा नियम लोकप्रिय आहे आणि उपयोगीही आहे. मात्र प्रवासाची तिकिटे, पावत्या, बँकेची पत्रे यांच्या तळाशीही तो शब्द असू शकतो. त्यामुळे ते पत्ते अपवादात घातल्याशिवाय हा नियम चालू करू नये.

उलट दिशेची चूक अधिक धोक्याची असते. ‘हे कधीही स्पॅममध्ये टाकू नका’ असा नियम नुसत्या दिसणाऱ्या नावावर केला, तर ते नाव लावून येणाऱ्या भामट्यालाही दार उघडे मिळते. सूट द्यायची ती पूर्ण पत्त्याला, आणि तीही मोजक्यांना.

नियमांचा क्रम सगळीकडे सारखा चालत नाही. आउटलुकमध्ये ते वरून खाली लागू होतात आणि ‘पुढचे नियम थांबवा’ हा पर्याय असतो. म्हणून राखायच्या मेलचा नियम सर्वांत वर ठेवून त्यात तो पर्याय निवडावा. जीमेलमध्ये असा क्रम लावता येत नाही. जुळणारे सगळे फिल्टर लागू होतात. थंडरबर्डचे नियम तो प्रोग्राम चालू असतानाच काम करतात, त्यामुळे संगणक बंद असेल तर फोनवर तोच मेल न चाळलेला दिसतो.

नवा नियम करताना सुरुवातीला ‘डिलीट’ ही कृती निवडूच नये. मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्यावेत आणि काही आठवडे तो फोल्डर डोळ्यांखालून घालावा. जीमेलमध्ये स्पॅम आणि ट्रॅशमधले मेल 30 दिवसांनी कायमचे जातात, मग चूक कळूनही हाती काही उरत नाही. जीमेलचा फिल्टर मुळात शोधावरच उभा असतो, तेव्हा आधी तीच अट घालून शोधावे आणि जुन्या मेलपैकी कोणते सापडतात ते पाहावे. नियमाची याहून सोपी परीक्षा नाही.

खात्यात शिरकाव केलेले चोरही नियम लिहितात. बँकेचे किंवा सुरक्षेचे इशारे परस्पर पुसणारे, व्यवहाराचे मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवणारे नियम ते गुपचूप घालून ठेवतात आणि मालकाला काही दिसत नाही. म्हणून सेटिंगमधली नियमांची आणि फॉरवर्डिंगची यादी अधूनमधून उघडून पाहावी. नुसता पासवर्ड बदलल्याने असे नियम जात नाहीत; ते यादीतून हातानेच काढावे लागतात.